सॅलडच्या पाल्याचा एक कप म्हणजे किती ग्रॅम? दरवेळचा घोळ आणि मला सापडलेला उपाय

मी म्हापशाजवळ राहते, घरून जेवणाचे डबे करते, आणि तीन वर्षांपूर्वी आसगावातल्या एका होमस्टेची सॅलडची ऑर्डर मिळाली तिथून हे रामायण सुरू झालं. मॅडम रेसिपी फोनवर पाठवतात आणि त्या सगळ्या बाहेरच्या, त्यामुळे माप सगळं कपात. मिक्स ग्रीन्स ८ कप, चार जणांना, असं. आता बाजारात पाला कपाने कोण देतो? लेट्यूस किलोवर, पालक नि तांबडी भाजी (म्हणजे लाल माठ) जुडीवर. म्हणजे कपाचे ग्रॅम करणं आलं, आणि ते केले की काहीतरी चुकणारच, एकदा ढीगभर उरणार, एकदा डबे अर्धे राहणार, आणि वैताग म्हणजे चूक दरवेळी वेगळी, त्यामुळे मागच्या वेळी शिकलेलं या वेळी कामाला येईना. तुमचंही असंच होत असेल तर वाचा, लांब आहे पण मधलं गाळू नका, मी गाळलं होतं म्हणूनच तीन वर्षं गेली.

पहिली ऑर्डर २० जणांची. चौघांना ८ कप तर वीस जणांना ४० कप, इथपर्यंत सोपं. एक कप म्हणजे किती? मुलीने फोनवर बघून सांगितलं, आई, २४० ग्रॅम. मी गुणाकार केला तर ९ किलो ६०० ग्रॅम! वीस माणसांना साडेनऊ किलो लेट्यूस, म्हणजे लग्नाची पंगत उठेल. फोनने काय केलं होतं तर सरळ पाण्याचा हिशोब लावला होता, २४० मिली पाणी २४० ग्रॅम भरतं म्हणून पालाही तेवढाच. एवढं मला कळलं, म्हणून मी शहाणपणा करून घरातला स्टीलचा मापाचा कप घेतला, त्यात पालकाची कोवळी पानं भरली, वर जागा दिसली की अंगठ्याने दाबली, अजून भरली, आणि काट्यावर ठेवलं तर ६० ग्रॅम. चाळीस गुणिले साठ, २ किलो ४००. तेवढा पाला आणला आणि निम्म्याहून जास्त उरला. चार दिवस घरात सॅलड. तिसऱ्या दिवशी नवऱ्याने ताट बघून एवढंच विचारलं, आज नुस्तं (म्हणजे मासे) नाही काय?

दुसऱ्या वेळी मी हुशार झाले होते. तोवर कळलं होतं की कोवळा पालक सैल भरला तर कपात साधारण ३० ग्रॅम बसतो, आणि हा आकडा बरोबरच आहे, अमेरिकन सरकारच्या पोषण तक्त्यांतही कच्च्या पालकाचा कप ३० ग्रॅमच धरतात. मग ४० कपाचा १ किलो २००. पण त्या आठवड्यात जोरदार पाऊस, आमच्याकडची बरीचशी भाजी बेळगावहून चोर्ला घाटातून येते, गाड्या उशिरा, सुट्या पानांचं लेट्यूस मिळालंच नाही, म्हणून मी आइसबर्गचे, म्हणजे कोबीसारखं गच्च लेट्यूस असतं त्याचे, गड्डे उचलले. वजन तेवढंच, १ किलो २००. दांडा काढला, वरची मार लागलेली पानं काढली, उरला किलोभर, तो बारीक चिरला आणि डब्यात भरायला घेतला तर सातव्या डब्याला पातेलं रिकामं. वीस डबे होते हो! त्या दिवशी गाजर, काकडी, कोबी, जे हाताला लागलं ते घातलं आणि मॅडमना सांगितलं की आज वेगळी रेसिपी आहे.

का झालं असं, तर बारीक चिरलेल्या आइसबर्गचा कप ७० ग्रॅमच्या पुढे जातो, तक्त्यात ७२ दिलाय. म्हणजे ४० कपाला जवळजवळ २ किलो ९०० लागत होतं आणि मी आणलं १ किलो २००. आकडा खरा होता, पण पालकाचा. मी तो आइसबर्गला लावला.

तिसरी वेळ पाण्याची, ती खाली सांगते कारण ती वेगळीच आहे.

आता यावर ज्याला ज्याला विचारलं त्या प्रत्येकाने आधी कपावरच बोट ठेवलं. वहिनी म्हणाली तुझा कप चुकीचा असेल. मग मी कप तपासायला बसले आणि त्यात दोन महिने घालवले, ते तुमचे वाचावेत म्हणून सांगते. अमेरिकन कप २३६.६ मिलीचा, त्यांच्या पाकिटांवर तो २४० धरतात. ऑस्ट्रेलियाचा मेट्रिक कप २५०. जपानचा २००. आणि राइस कुकरबरोबर जो प्लास्टिकचा कप येतो तो १८० मिलीचा असतो, तो मात्र खरंच बाजूला ठेवा, मी काही दिवस त्यानेच मोजत होते आणि पिठाचे सगळे केक बसले होते. पण २४० आणि २५० मध्ये फरक किती, तर शेकडा ४. पालकात तो १ ग्रॅम, म्हणजे पाचपन्नास पानांच्या ढिगात दोन पानं इकडेतिकडे. आणि मी अंगठ्याने दाबलं तेव्हा फरक किती पडला? ३० चा ६०. दुप्पट. कपावरून भांडण्यात अर्थ नाही, पण सगळे कपावरूनच भांडतात, कारण कपावर आकडा छापलेला असतो नि अंगठ्यावर नसतो.

म्हणजे बघा, लेट्यूसचं पान स्वतः ९५ टक्के पाणीच असतं, पालक ९१ च्या आसपास. पान जड नाही असं नाही. पण कपात पान किती आणि हवा किती हे बघा, २४० मिलीच्या कपात ३० ग्रॅम म्हणजे साधारण आठवा हिस्सा पान, बाकी सगळी हवा. आपण कप भरतो तेव्हा हवा मोजतो. आणि हवा किती राहणार ते पानाचा आकार, पान ताठ की मऊ, अख्खं की चिरलेलं, भरणाऱ्याचा हात, यावर. माझ्या आजोळी पेडण्याला भात मापाने मोजायचे, चार शेरांची पायली, आणि तिथेही माप शिगोशीग द्यायचं की सपाट यावर बायकांची भांडणं व्हायची, पण भाताची शीग निदान डोळ्याला दिसते. पाल्याची शीग कुठे सुरू होते आणि कुठे संपते सांगा, दोन पानं उभी राहिली की झाली शीग.

सुरीचं तर विचारूच नका. कोथिंबिरीची नुसती पानं कपात भरली तर १६ ग्रॅम. पार्सली बारीक चिरून भरली तर ६०. दोन्ही एकाच घराण्यातल्या, पानंही बहिणीबहिणीसारखी, आणि वजन चौपट. हा फरक भाजीचा नाही, सुरीचा आहे. म्हणून रेसिपीत ‘चिरलेला’ हा शब्द कुठे आलाय ते बघायची सवय लावा. बाहेरच्या रेसिपीत ‘एक कप चिरलेला पालक’ म्हटलं असेल तर आधी चिरायचा मग मोजायचा, आणि ‘एक कप पालक, चिरलेला’ म्हटलं असेल तर आधी अख्खा मोजायचा मग चिरायचा. एका स्वल्पविरामाने दुप्पट-निमपट होतं. मला हे कळलं तेव्हा मी जुन्या रेसिपी काढून परत वाचल्या आणि निम्म्या ठिकाणी मी उलटं केलेलं.

आता लोक जे वेगवेगळे आकडे सांगतात त्यांचं. कोणी २० सांगतं, कोणी ३०, कोणी ५०, एक जण तर ८५ वर ठाम होता. गंमत म्हणजे बहुतेक सगळे बरोबर असतात, फक्त प्रत्येक जण वेगळ्या पानाबद्दल बोलत असतो. रॉकेटचा, ज्याला काही जण अरुगुला म्हणतात, त्याचा कप २० ग्रॅम. तांबडी भाजीची कोवळी पानं २८. साधं हिरवं लेट्यूस कापलेलं ३६, रोमेन ४७, ते बटर लेट्यूस असतं मऊ पानांचं, ते चिरून ५५, आइसबर्ग ७२, कोबी बारीक चिरलेला ७०. (कोबी हा शब्दच पोर्तुगीज ‘कोव्ह’वरून आलाय म्हणतात, बटाट्यासारखा, म्हणजे आमच्याकडूनच घाटावर गेला, एवढा अभिमान आम्हाला करू द्या.) बेसिलची पानं २४. हे सगळे आकडे सैल भरलेल्या कपाचे, आणि ते शेजाऱ्याच्या घड्याळासारखे वापरायचे, म्हणजे वेळ साधारण कळते पण बस पकडायची असेल तर आपलं घड्याळ बघावं.

८५ वाल्याचं कोडं मला बरेच दिवस सुटत नव्हतं. मग एकदा म्हापशातल्या सुपरमार्केटात बाहेरून आलेलं कोवळ्या पालकाचं पाकीट उलटं करून बघितलं तर मागे लिहिलेलं, एक सर्व्हिंग ३ कप, ८५ ग्रॅम. म्हणजे ८५ हा तीन कपांचा आकडा, त्याने एका कपाचा धरला. अजून एक असाच सापळा आहे, अमेरिकन आहाराच्या सल्ल्यात २ कप कच्चा पाला म्हणजे ‘१ कप भाजी’ मोजतात, कारण पाला हलका. डाएटच्या चार्टमधून रेसिपी उचलली असेल तर तिथला ‘१ कप’ हा खरं म्हणजे २ कप असू शकतो. आणि औंस दिसला तर थांबा, वजनाचा औंस २८.३५ ग्रॅमचा, आणि दुसरा फ्लुइड औंस पातळ पदार्थांच्या मापाचा, त्याचा पाल्याशी संबंध नाही. ‘५ औंसची बॅग’ म्हणजे १४२ ग्रॅम, हा मात्र फार सोयीचा आकडा, अशी रेसिपी मिळाली की मला बरं वाटतं, कप नाही काही नाही.

आता उपाय. मी एकच आकडा शोधत होते तो सोडून दिला आणि प्रत्येक पानाचा आपला आकडा एकदाच काढून कालनिर्णयच्या मागच्या बाजूला लिहून ठेवला, तो फ्रिजला चिकटवलाय. आकडा कपाने काढायचा नाही. ही गोष्ट मला फार उशिरा कळली. कप पाल्यासाठी फार लहान आहे, पान मोठं असेल तर ते कपाच्या दोन काठांवर पूल बांधून बसतं आणि खाली सगळी पोकळी, म्हणून एकाच पानाचे लागोपाठ तीन कप भरले तर २१, ३४, २६ असं काहीही येतं. त्याऐवजी २ लिटरचा टोप घ्या. २ लिटर म्हणजे २५० मिलीचे बरोबर ८ कप. टोप काट्यावर ठेवून शून्य करायचा, काट्यावर टेअर लिहिलेलं बटण असतं ते, मग टोप खाली उतरवून वरून पानं सोडायची, हो, सोडायची, दाबायची नाहीत, टोप ओट्यावर एकदा हलकेच आपटायचा म्हणजे पानं आपापली बसतात, काठाला आली की पुरे, मग काट्यावर. असं तीनदा, दरवेळी टोप पूर्ण रिकामा करून. मला कोवळ्या पालकाचे आले २१२, २३६ आणि २२४. सरासरी २२४, भागिले ८, २८ ग्रॅम. तक्त्यातल्या ३० च्या जवळच आहे, पण हा माझ्या हाताचा आणि आमच्याकडे मिळणाऱ्या पालकाचा आहे. पाच मिनिटांचं काम आहे, प्रत्येक नव्या पानाला एकदा करायचं.

रेसिपीत ‘पॅक्ड’ किंवा दाबून भरलेला असं म्हटलं असेल तर? त्याच टोपात तळहाताने एकदा दाबून वर पुन्हा भरायचं, आणि तो वेगळा आकडा लिहायचा. माझा पालक दाबून ४५ च्या आसपास येतो. ६० यायला अंगठा लागतो, आणि अंगठा कुठल्याच रेसिपीत लिहिलेला नसतो. काहीच लिहिलं नसेल तर सॅलडला सैल धरायचं, शिजवायच्या भाजीला आणि पेस्टोसारख्या वाटायच्या गोष्टीला दाबून. हा माझा अंदाज आहे, अजून तरी फसलेला नाही.

काट्याचं थोडं सांगते कारण एक महिना मी काटा बिघडला म्हणून दुसरा घ्यायला निघाले होते. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा, त्यावर एकेक पान ठेवत गेलं तर आकडा शून्यावरच राहतो, दहा पानं झाली तरी शून्य. तो बिघडलेला नसतो. बऱ्याच काट्यांना थोडंसं वजन हळूहळू वाढलं की ते आपोआप शून्य धरून बसायची सवय असते, म्हणजे आत तशीच सोय केलेली असते, नाहीतर आकडा सारखा नाचत राहिला असता. म्हणून पाला एकदम टाकायचा, चिमूटचिमूट नाही. किंवा उलटं करा, सगळा पाला टोपात घालून काट्यावर शून्य करा आणि लागेल तेवढा उचला, उणे चिन्हासकट आकडा दिसतो, उणे ५० आलं की डब्यात ५० गेले. डबे भरताना मी हेच करते, फार भराभर होतं. आणि पंखा बंद करा. गोव्याच्या उकाड्यात पंखा बंद करणं म्हणजे शिक्षा आहे पण वरून वारा लागला की आकडा नाचतो, शिवाय रॉकेटची पानं उडून डाळीत पडतात ते वेगळं.

आता ती तिसरी वेळ, पाण्याची. जुलै महिना होता. पानांचा आकडा बरोबर, वजन बरोबर, वीस डबे भरले प्रत्येकात काट्यावर मोजून ५० ग्रॅम, सगळं छान. संध्याकाळी मॅडमचा फोन, ताई, आज पाला कमी होता आणि डब्याच्या तळाला पाणी. मी म्हटलं कमी कसा, मी मोजून घातलाय. मला रडूच यायचं बाकी होतं. दुसऱ्या दिवशी मुद्दाम करून बघितलं. ५०० ग्रॅम कोरडा लेट्यूस मोजला, धुतला, चाळणीत दोन मिनिटं निथळत ठेवला आणि परत मोजला. ६१० ग्रॅम! ११० ग्रॅम नुसतं पाणी, पानांच्या घड्यांत अडकून बसलेलं. म्हणजे मी ५० ग्रॅम म्हणून जे डब्यात घातलं त्यात पाला ४१ ग्रॅम आणि उरलेलं म्हापशाचं नळाचं पाणी. त्याने ड्रेसिंग पातळ झालं, चव गेली, पानं मलूल पडली. उन्हाळ्यात हे कळत नव्हतं कारण पानं निथळत ठेवली की तासाभरात बऱ्यापैकी कोरडी व्हायची, पावसाळ्यात हवाच एवढी दमट की चाळणीतला पाला दुपारपर्यंत तसाच ओला.

सॅलड स्पिनर मिळतो, पण तो एका वेळी फार तर दोघातिघांचा पाला घेतो, वीस डब्यांना सकाळ जाईल. मी सासऱ्यांचा जुना सुती पंचा घेते, धुतलेला पाला त्यात सैल गाठोड्यासारखा बांधते आणि मागच्या दारी उभी राहून गोल गोल फिरवते, रहाटासारखी, दहा-बारा फेरे. पाणी सुटतं ते भिंतीवर, तुळशीवर, आणि पहिल्या दिवशी सासूबाई पायरीवर बसून नारळ किसत होत्या त्यांच्यावर. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त अडोळी (नारळ किसायची विळी) उचलून आत गेल्या. आता मी पंचा घेतला की त्या आपणहून उठतात. फिरवल्यानंतर तो ६१० चा पाला ५३० वर येतो, अजून थोडं पाणी असतं पण ते चालतं, मी डब्याला ५० ऐवजी ५३ धरते. आणि वजन शक्यतो धुवायच्या आधी, साफ केल्यानंतर करायचं, म्हणजे हा प्रश्नच येत नाही. ऑर्डरच्या गडबडीत ते जमतंच असं नाही.

सासूबाईंवरून आठवलं. त्यांना हा सगळा प्रकार बघून हसू येतं, त्या म्हणतात माणशी दोन मुठी, संपलं. मी एकदा त्यांच्या नकळत त्यांच्या मुठी मोजल्या, म्हणजे त्या पानं उचलून टोपात टाकत होत्या आणि खाली काटा होता. २४, २६, २५, २५. माझे कप २१ ते ३४ जात होते आणि त्यांची मूठ एवढी सरळ! हात तोच, दाब तोच, साठ वर्षांची सवय. माझी मूठ मोजली तर १८, ३०, २२. त्यामुळे कोणी मुठीने बरोबर करत असेल तर त्यांना काटा देऊ नका, फक्त त्यांची मूठ एकदा मोजून लिहून ठेवा, त्या कधी देवदर्शनाला गेल्या तर कामाला येते.

शिजवायचं असेल तर गणित पूर्ण वेगळं. कच्च्या पालकाचा कप ३० ग्रॅम, शिजलेल्याचा १८०, त्यामुळे ‘२ कप पालक’ एवढंच लिहिलेलं असेल तर कच्चा की शिजलेला ते आधी शोधा. साधारण ४५० ग्रॅम कच्चा पालक शिजून एक कप होतो. मॅडमनी एकदा काल्दो व्हेर्दे सांगितलं होतं, ते पोर्तुगीज सूप, मूळ तिकडच्या कोबीच्या जातीच्या हिरव्या पानांचं पण आपल्याकडे पुष्कळ जण पालकाचं करतात, त्यात मी शिजलेला धरायचा तिथे कच्चा धरला आणि बटाट्याचं पांढरं सूप झालं, हिरवा रंग म्हणून काही नाही.

ड्रेसिंगही मी आता पाल्याच्या वजनावर लावते, कपावर नाही, कारण पाला कमीजास्त झाला की एकदा कोरडं आणि एकदा पोहणारं सॅलड व्हायचं. १०० ग्रॅम पाल्याला ३० मिली, म्हणजे १५ मिलीचे दोन चमचे, आणि रेसिपी ऑस्ट्रेलियाची असेल तर त्यांचा टेबलस्पून २० मिलीचा असतो हे ध्यानात ठेवा. वीस डब्यांच्या १ किलो पाल्याला ३०० मिली होतं. माझं असतं तेल, कोकमाचं आगळ, थोडा गूळ, मिरपूड. आगळात मीठ असतंच, वरून घालू नका, जास्त मीठ पानांतलं पाणी ओढून काढतं आणि मग परत तळाला तळं. ड्रेसिंग वेगळ्या छोट्या डबीत देते, खायच्या वेळी ओतायचं.

राहता राहिली जुडी. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ज्या मावशीकडून मी तांबडी भाजी घेते तिला एकदा म्हटलं, मावशी, ही जुडी किती ग्रॅमची? तिने माझ्याकडे असं बघितलं की बास. भाजयेक तागडी कित्याक गो बाय, म्हणजे भाजीला तराजू कशाला गं बाई, म्हणाली, आणि शेजारणीला सांगून दोघी हसल्या. घरी येऊन पाच जुड्या मोजल्या, सगळ्यात लहान १८० ग्रॅम, सगळ्यात मोठी ३२०, आणि मुळं, जाड देठ, किडकी पानं काढल्यावर सॅलडला चालतील अशी कोवळी पानं कुठे निम्मी, कुठे त्याहून कमी. सकाळी लवकर गेलं तर जुडी टपोरी असते, दहानंतर उन्हाने बसलेली. याला मला आकडा सापडला नाही. हिशोबाने तीन लागत असतील तर मी चार घेते, उरली तर रात्री कांदा, मिरची आणि ओलं खोबरं घालून भाजी होते, ती कोणी मोजत नाही.